वा, काय थडगं आहे!

या, अशा जवळ बसा, इथे कार्यक्रमात तरी गाठ पडली. कॉलिंग कार्ड संपेपर्यंत फोनवर "येतो, येतो" म्हणता आणि डेट्रॉइटला येऊन जवळच्याच ट्रॉयला, आमच्याकडे, न फिरकता परत जाता, ही कुठली रीत? जाऊ दे. रागवत बसले तर आमच्या शेजारच्या परचुरेकाकांचं सांगायचं राहील.

समोरच्या देशपांड्यांनी पांढऱ्या खांबांचं नवं घर घेतलं. वास्तुशांतीला काका दारातच थबकले, हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाले, "वा! काय थडगं आहे!"

यजमानीणबाईंच्या हातातलं तीर्थ सांडलं. काकांना कळेचना काय चुकलं. त्यांच्या लेखी यापेक्षा मोठी स्तुतीच नाही!

नागपूरकडे जन्मभर पूल बांधले, बायको गेल्यावर इथे लेकाकडे, निखिलकडे आले, आणि लायब्ररीत रोमन थडग्यांची पुस्तकं सापडली. झालं! "मावशी, रोमन माणूस झोकात मरायचा. एका पाववाल्यानं तर कणीक मळायच्या यंत्रासारखं थडगं बांधून घेतलं!" मग जो भेटेल त्याला, "तुमचं कसं काढू?" आमच्या डेंटिस्टला दाढेच्या आकाराचं काढून दिलं. मला पुरणयंत्राचं. खोटं कशाला सांगू, मी हुरळले. फ्रिजवर लावलं.

एका उन्हाळ्यात काका बॅकयार्डमध्ये विटा रचायला लागले. कमरेएवढा चौथरा, पुढे कोनाडा, वर त्रिकोणी माथा, माथ्यातून आत उतरणारी नळी. निखिलनं विचारलं तर म्हणाले, "डेकोरेशन."

श्रावणातल्या शुक्रवारी सुनेनं हळदीकुंकू केलं. बायका मागे डोकावल्या. "अय्या, वृंदावन! तुळस कुठंय?" तोवर माझं बोट कुंकवात बुडालेलं. मी कोनाड्याला कुंकू लावलं, नमस्कार केला. मग सगळ्यांनीच लावलं. प्रदक्षिणा सुरू झाल्या, तेवढ्यात काका किचनमधून धावत आले. "अहो, थांबा! थडगं आहे ते!"

कुणीतरी किंचाळलं. हळदीची वाटी गवतात. निखिल लालेलाल. "बाबा, घरात थडगं? उद्याच पाडून टाकतो!"

"पण कुणाचं हो?" मी विचारलं.

"हिचं." काकांनी चष्मा काढला. "अस्थी नर्मदेत सोडल्या, वाहून गेल्या. भेटायला जायचं कुठे, मावशी? रोमन लोक नळीतून वाइन ओतायचे. मी चहा ओततो. सगळे ऑफिसला गेले की."

एकजण रुमालानं कुंकू पुसायला वाकली.

"राहू द्या," काका म्हणाले. "तिला असंच मोठं लागायचं."

निखिल विटांकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बाबा, चहात आलं घालता ना? आई बिनआल्याचा चहा प्यायची नाही."

"आलं?" काका गडबडले. "मला कधी बोलली नाही ती."

निखिल आत गेला. ड्रॉवर उघडझाप करून किसणी शोधल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

आता रविवारी बापलेक मिळून ओततात. तर तुम्ही लवकर या बरं, बर्फ पडायच्या आत. एकदा का काकांनी नळीवर प्लास्टिकची पिशवी बांधली, की मग थेट एप्रिल.