कोणालाच ओळखता न येणारी खिरापत

आमच्या अख्ख्या देवळी गावात कोणाला ओळखता येणार नाही अशी खिरापत मी करणार, असं मी घरात जाहीर केलं. मी, म्हणजे प्रफुल! ज्याला चहासुद्धा धड जमत नाही!

कारण होतं आमच्या गुंजनची दाढ. वर्ध्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात बॅटरी मारून मला आत डोकावायला लावलं. एवढीशी पोर आणि दाढेवर हा काळा डाग! "गोड कमी करा, झोपताना ब्रश करायला लावा," त्या म्हणाल्या. पण ऐन भुलाबाईच्या दिवसांत गोड कमी करायचं कसं? रोज संध्याकाळी पोरी घरोघर गाणी म्हणणार, डबा वाजवून आतली खिरापत ओळखणार आणि मग खाणार. कुठे पेढे, कुठे चिक्की! मला तर चैनच पडेना.

मग सुचलं. आपल्या घरच्या डब्यात ब्रश आणि पेस्टच्या छोट्या ट्यूब ठेवायच्या!

"अहो, खिरापत खायची राह्यते!" बायको मयुरी म्हणाली.

"तोंडातच जाते न? झालं तर मंग!"

गुंजनला आत काय ते सांगितलं नाही. तिचं एकच म्हणणं होतं, "बाबा, कोणालेच ओळखता नाई आली पाह्यजे! मागच्या वर्षी दामिनीनं डबा वाजवल्याबरोबर ओळखली होती." पोरीची सगळी इज्जत त्या डब्यात होती.

संध्याकाळी पोरी जमल्या. गाणी संपता संपेनात! मी सारखा आत-बाहेर करत होतो. हात खिशाकडे जायचा, पोरी बघायच्या, हात परत यायचा. अखेर मी डबा वाजवला.

"गोड का तिखट?" दामिनीनं विचारलं.

"जराशी गोड, जराशी झोंबते."

"चावाची का चोखाची?"

"दोन्ही नाई. तोंडात फिरवाची."

"मंग गिळाची?"

"खबरदार! थुंकाची!"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या! गुंजनचे डोळे चमकले. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

तेवढ्यात दामिनी टाळी वाजवून ओरडली, "खर्रा!"

खर्रा म्हणजे आमच्याकडे पानठेल्यावर पुडीत मिळतो तो सुपारी-तंबाखूचा माल! मी "नाई, नाई" म्हणेपर्यंत पोरी रस्त्यावर नाचायला लागल्या. "ओळखली! गुंजनच्या घरी खर्र्याची खिरापत!"

शेजारच्या शकुंतलाबाई कणकेच्या हातांनीच धावल्या. "प्रफुल, लाज नाई वाटत? पोरीईले खर्रा वाटून राह्यला तू?" मागून आणखी बाया आल्या आणि पोरींना दंडाला धरून ओढायला लागल्या. पानठेल्यावरून नागेशही आला, तो मात्र तळहात पुढे करून! "प्रफुलभाऊ, आपल्यासाठी उरली का खिरापत?"

गुंजननं भोकाड पसरलं. "आता माह्या घरी कोणीच येणार नाई!"

मला फार वाईट वाटलं. मी खुर्चीवर चढलो आणि झाकण उघडलं. "पाहा! ब्रश हायेत! लेकरांचे दात किडू नये म्हणून! मी काय खर्रा वाटणारा माणूस हाव?"

बायांनी पोरींचे दंड सोडले. गुंजननं नाक पुसलं. "म्हणजे कोणालेच ओळखता नाई आली!" ती उडीच मारायची बाकी होती.

"कशी येईन?" दामिनी फुरंगटली. "काका रोज तेच तोंडात फिरवते न कुंपणापाशी थुंकते. मले वाटलं, घरातलीच वस्तू ठेवली!"

सगळ्यांनी वर पाहिलं. मी खुर्चीवर, तोंड उघडं, आणि डोक्यावर नेमका दिवा! शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. गुंजन मात्र हसली नाही. ती माझ्या दातांकडे बघत राहिली, अगदी त्या डॉक्टरीणबाईंसारखी.

पोरी ब्रश घेऊन गेल्या. मी घाईघाईनं पुडीसाठी खिसा चाचपला. रिकामा!

मागे गुंजन उभी होती, हातात तोच डबा घेऊन. तिनं तो माझ्या कानाशी वाजवला.

"ओळखा, बाबा!"

मी पहिल्याच फटक्यात ओळखली हो! पण ओळखली तरी कार्टी झाकण उघडेना!