निळ्याची बादली

२००३ साली आमच्या घराच्या ईशान्य कोपऱ्यात शांतता बसवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मत एकच होते, माझे. चिरंजीव आणि सूनबाई शुभांगी यांनी इंदिरानगरला फ्लॅट पाहिला होता. "तिकडून ऑफिस जवळ पडतं," एवढेच कारण त्यांनी दिले. खरे कारण मला कळेना. मी कॉलनीच्या महिला मंडळाच्या तंटा निवारण समितीची सलग अकरा वर्षे बिनविरोध अध्यक्ष. दुसऱ्यांच्या घरातली खरी कारणे मला फाटकातूनच दिसत.

घर फुटू नये म्हणून वास्तुतज्ज्ञांना विचारले. ते म्हणाले, ईशान्येला मासे ठेवा. तेव्हा वास्तूपायी निम्म्या कॉलनीने स्वयंपाकघरे फिरवली होती. त्या मानाने मासे बरे.

पंचवटीतल्या समाधानच्या दुकानातून मी दिसायला सर्वांत देखणे चार निवडले. आफ्रिकन सिक्लिड.

"मावशी, हे जरा तापट असतात," समाधान म्हणाला.

"आमच्या घरात राहून निवळतील," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी निळ्याने पिवळ्याची शेपटी कुरतडली. पिवळा शुभांगीचा लाडका. मी वही घेऊन टाकीची स्थळपाहणी केली. निष्कर्ष: जागेचा वाद. चार लहान कुंड्या आडव्या ठेवून समान वाटप केले. संध्याकाळपर्यंत चारही कुंड्या निळ्याच्या ताब्यात. तो राहायचा एकीत आणि गस्त घालायचा तिघींवर.

"एवढ्या जागा लागतात कशाला मेल्याला?" मी वैतागले.

शुभांगी चहा गाळत होती. "लागत नाहीत, आई. दुसऱ्याने हात लावलेला चालत नाही."

मी तिला साखरेचा डबा जागेवर ठेवायला सांगितले. हळदीच्या उजवीकडे, फुलांची बाजू समोर. हा नियम एकाहत्तर सालापासूनचा.

समाधानने दुसरा उपाय सुचवला. "गर्दी वाढवा. मार वाटला जातो, एकट्याच्या अंगावर पडत नाही." हे मला पटले. समितीतही वाद वाढला की आम्ही सदस्य वाढवत असू. आणखी अकरा मासे आणले. निळ्याने दोन दिवसांत प्रत्येकाला वैयक्तिक भेट दिली. पिवळा हीटरमागे तिरका उभा राहू लागला आणि त्याने खाणे सोडले.

"हा जायचा आता," शुभांगी हळूच म्हणाली. "यालाही दुसरी टाकी बघायला हवी."

'यालाही' हा शब्द मी वहीत टिपला नाही.

समाधान स्वतः घरी आला. "मावशी, तुम्ही मार खाणाऱ्याकडे बघताय. मारणाऱ्याला उचला. आठ दिवस बादलीत ठेवा, तोवर इकडे कुंड्यांच्या जागा बदला. परत सोडला की तोच पाहुणा. मग विचारत विचारत फिरतो."

तसेच केले. नवव्या दिवशी निळा टाकीत परतला, काचेला चिकटून दबकत फिरला आणि एका रिकाम्या कोपऱ्यात निमूट बसला. पिवळा त्याच्यासमोरून खात खात गेला. शुभांगी बराच वेळ टाकीकडे पाहत होती. मग तिने चिरंजीवांकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "आई, नांदगावच्या मावशीकडे किती दिवसांत गेली नाहीस. राहून ये ना आठवडाभर."

केवढे प्रेम. मी गेले. माझ्या बहिणीने, लताबाईने, आठवडाभर मला तिच्या चुलीजवळ फिरकू दिले नाही. आमच्या माहेरचे वळणच तसे.

परतले आणि चहा करायला गेले. हळदीच्या उजवीकडे शेंगदाणे होते. मी तीन फळ्या पाहिल्या, मग बत्तीस वर्षांत प्रथमच विचारले, "शुभांगी, साखर कुठे आहे गं?"

"वरच्या फळीवर, आई. बसा तुम्ही, मी करते."

मी भिंतीकडेच्या खुर्चीत निमूट बसले. थोड्या वेळाने फ्लॅटचे काय झाले ते विचारले.

"राहू दे," चिरंजीव म्हणाले. "इथूनही ऑफिस काही लांब नाही."

पिवळा त्यानंतर चार वर्षे जगला. शांततेचे श्रेय वास्तुतज्ज्ञांनी घेतले.

तुम्ही हसलात, हसा. पण गावाहून परतल्यावर तुमचा साखरेचा डबा जागच्या जागी सापडत असेल, तर घरातला निळा मासा ओळखायला टाकी विकत घेऊ नका. बादली मात्र आणून ठेवा.