मधला ठिपका

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. प्रेमावहिनींचा तर नाहीच. त्या सव्वीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होत्या. तरी सांगतो, कारण सोसायटीच्या या बाकावर बसून खरं बोलणारा अख्ख्या मुलुंडात मी एकटाच उरलोय.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं शिपाई. शेवटच्या वर्षी यादीतून शोधणं मागासलेपणाचं ठरलं आणि ‘दृश्य शोध प्रणाली’ बसवण्यात आली. म्हणजे भिंतीएवढा पडदा. त्यावर प्रत्येक शोधनिबंध एक ठिपका. ज्याचा संदर्भ जास्त जणांनी दिला, त्याचा ठिपका मोठा. ज्याचा कोणीच दिला नाही, तो दिसतच नाही.

मृणालिनी नावाची मुलगी आरेतल्या म्हशींच्या खुरांवर पीएच.डी. करत होती. तिला चौऱ्याहत्तर सालचा एक लेख हवा होता. शुक्रवारी प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द.

“सर, लेख दिसत नाही,” ती ग्रंथपाल देवेश सरांना म्हणाली.

“कोणीतरी संदर्भ दिला की दिसेल.”

“मीच देणार होते. पण वाचल्याशिवाय कसा देऊ?”

“आणि दिसल्याशिवाय वाचणार कसा? प्रणाली जरा समजून घे ना.”

मी म्हणालो, “सर, तो तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर आहे.”

“कुंडलिक, पडद्यावर नाही ते ग्रंथालयात नाही. कपाटाला हात लावायचा नाही.”

हात रिकामा होता, म्हणून मी पडद्यावरचा डास मारला. बरोबर मधोमध. डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक मंडळी पाहणीला आली. “मधोमध आहे, म्हणजे मूलभूत काम दिसतंय,” एक जण म्हणाले. बोटाने दाबलं, उघडेना. “उघडत नाही, म्हणजे दुर्मिळही आहे,” दुसरे म्हणाले. गुरुवारपर्यंत बावीस प्रबंधांत ‘मधला ठिपका, मुलुंड’ असा संदर्भ पडला. प्रणालीने ते बावीस इमानदारीत मोजले आणि डासाला स्वतःचा ठिपका दिला. तो फुगला. त्याच्याखाली आधी म्हशी गेल्या, मग पशुवैद्यक, मग अर्थशास्त्र. संध्याकाळी पडदा काळाकुट्ट. सरांनी परिपत्रक काढलं: ‘सर्व ज्ञान एका ठिकाणी आणल्याबद्दल कर्मचाऱ्यांचे अभिनंदन.’

मी मृणालिनीला गुपचूप कपाटाची किल्ली दिली. तिने लेख वाचला, संदर्भ दिला. तिच्या मार्गदर्शकांनी प्रबंध परत केला. “मधला ठिपका कुठाय? तो नसेल तर मी सही करणार नाही.”

“तो डास आहे, सर.”

“असेल. पण बावीस जणांनी घेतलाय.”

पोरगी हटली नाही. सहीविनाच प्रबंध पाठवला. आणि काय सांगू, बाहेरच्या परीक्षकांनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, चौऱ्याहत्तरचा लेख मागवून ओळ न् ओळ ताडून पाहिली, आणि...

इतका वेळ मान डोलवत शेंगा सोलणाऱ्या प्रेमावहिनींनी हात थांबवला.

“भावोजी, डास ऐकला. ठिपका ऐकला. पडदा काळा झाला तेही ऐकलं, मी काही बोलले? पण परीक्षकाने प्रबंध वाचला? ही थाप आहे. पोरीने शेवटी डास घातला आणि पास झाली. हो की नाही?”