सानप सरांचा बेइमान करंट

आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे सानप सर माणसांना नमस्कार करत नाहीत, पण संगणक सुरू करताना त्याला हात जोडतात. मग पडद्याकडं बघतात आणि ओरडतात, "बेइमान! परत उलटाच गेला!"

गेला म्हणजे करंट. सरांची पीएचडी सोन्याच्या दोन तारांमध्ये अडकवलेल्या एका रेणूवर आहे. हा रेणू अख्ख्या बीडमध्ये कुठं नाही, फक्त सरांच्या संगणकात आहे. त्यातून करंट डावीकडून उजवीकडं जायला हवा, आणि महिनाभर तो उजवीकडून डावीकडं चाललाय. गाइडनी निर्वाणीचं सांगितलं होतं, शनिवारपर्यंत सरळ करा, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढा. ते काढलं तर उरतं काय? प्रस्तावना आणि आभार!

मी रसायनशास्त्राचा, तरी न राहवून विचारलं, "सर, इलेक्ट्रॉन ऋण असतात, करंट त्यांच्या उलट धरतात. तिथं तर घोळ नाही ना?"

"कावून इचारता? मी काय दहावी नापास हाय का? ते पह्यलंच तपासलं!"

मग दोष इन्व्हर्टरला दिला. प्रोग्राम लिहिणाऱ्या गोऱ्यांना दिला. एकदा तर स्टाफरूमच्या मधोमध पाण्याचा जार ठेवून त्याला रेणू केलं, आणि आम्हा सगळ्यांना इलेक्ट्रॉन करून या भिंतीकडून त्या भिंतीकडं चालवलं. तेवढ्यात प्राचार्य आत आले, तर त्यांनाही रांगेत घेतलं. "सायब, तुमी जारला खेटून जा!" करंट काही सुधारला नाही, आमचा चहा मात्र थंड झाला.

शुक्रवारी मी त्यांच्या घरी गेलो. सर टेबलाशी बसून त्या रेणूची आणि दोन तारांची आकृती काढत होते, पण उलटी, समोरच्या रिकाम्या बाजेवरून सुलटी दिसेल अशी.

"अहो, ही कुणासाठी?"

सरांनी पेन बाजेकडं केला. "माय बसायची तिथं. शाळेत गेली न्हाई कदी, पण रोज इचारायची, कुठवर आला रं तुझा करंट? तिला नीट दिसावं म्हणून तिच्या बाजूनं काढायचो. तीच सवय लागली."

माय उन्हाळ्यात गेली होती.

आणि मग माझी ट्यूब पेटली. मायच्या डाव्या हाताची तार सर कागदावर 'डावी' लिहायचे, आणि संगणकात तारांच्या जागा भरताना मात्र स्वतःचा डावा हात धरायचे. व्होल्टेज भलत्याच तारेला! महिनाभर बिचाऱ्या इलेक्ट्रॉनांना शिव्या, आणि चूक यांच्या बसण्यात.

तिथल्याच संगणकात तारांची नावं बदलली. करंट मुकाट डावीकडून उजवीकडं गेला. मी टाळी वाजवली, "सर, सुटलात की!"

सर पडद्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर बाजेवर होती.

"आला की ओ सरळ," ते म्हणाले. "आता सांगू कुणाला?"