डिंकात कालवलेले आप्पा

सोपानआप्पांच्या दहाव्याची सगळी तयारी झाली होती. न्हाव्याला सांगून झालं होतं, पिंडांचे तांदूळ निवडून झाले होते, पाहुण्यांना निरोप गेले होते. आदल्या दिवशी सकाळी धाकटा कैलास शेताकडेच्या गोठ्यातून अस्थींचं गाडगं आणायला गेला आणि रिकामं गाडगं घेऊन परत आला.

"आये, आप्पा न्हाईत गं," अंगणात उभा राहून तो म्हणाला.

"आत्ता कळलं व्हय तुला?" चांगुणाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "गावजेवणाची येळ आली की."

"तसं न्हाई. गाडग्यात न्हाईत."

चांगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं.

आता अस्थी गोठ्यात कशाला ठेवल्या, असं कुणीही विचारेल. अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला टांगतात. पण माले गावातलं ते झाड रस्ता रुंद करताना गेलं होतं. आणि अस्थी इतके दिवस राहिल्या त्या दोन भावांच्या भांडणामुळे. थोरला सुनील मारुंजीला टेंपो चालवायचा. तो म्हणायचा, आप्पांना आळंदीला न्यायचं. कैलास म्हणायचा, गावच्या नदीला काय धाड भरलीय? पण भांडण काही नदीचं नव्हतं, ते होतं रस्त्याकडेच्या भाताच्या खाचराचं. सुनीलला खाचर विकायचं होतं आणि आईला मारुंजीच्या चौथ्या मजल्यावर न्यायचं होतं. कैलासला विकायचं नव्हतं, पण कसायचंही नव्हतं. तो संध्याकाळी पौडकडे जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याला स्वतःचं घर ओळखू यायचं नाही. चांगुणाबाईंना आपल्या घरात राहायचं होतं आणि समोर आपलं खाचर हिरवं बघायचं होतं. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगून कोण ऐकतो?

गोठ्यात गुरं नव्हती, चित्रकार होता.

शैलेश बावधनचा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेला, पण दुकानातल्या रंगांवर त्याचा राग होता. नळीतून पिळलेला रंग खोटा असतो, असं तो म्हणायचा. कुणी विचारलं नाही तरी म्हणायचा. मग त्याने चहाच्या चोथ्याचं चित्र केलं, ते मुंग्यांनी नेलं. डांबराचं केलं, ते उन्हाळ्यात भिंतीवरून उतरलं आणि बैठकीच्या खोलीत पसरलं. तेव्हा त्याच्या बायकोने, अपूर्वाने, "हे आता घराबाहेर," एवढंच शांतपणे सांगितलं. बायको शांतपणे बोलते तेव्हा ऐकावं, इतकी अक्कल शैलेशला होती. त्याने सोपानआप्पांचा गोठा भाड्याने घेतला आणि तो राखेकडे वळला.

त्याने गावभर सांगून ठेवलं, राख टाकू नका, मला द्या. लोकांना आधी हसू आलं, मग सवय झाली. चुलीची राख, भट्टीची राख, तुसाची राख, जो तो डब्यात भरून गोठ्यातल्या फळीवर ठेवून जायचा. शैलेश ती चाळायचा, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि कॅनव्हासवर थर द्यायचा. मालेत भांडी घासायला राख मिळेना, एवढा तो मनापासून काम करत होता.

आप्पा गेले त्या आठवड्यात तो बावधनला तापाने पडला होता. त्याला कुणी कळवलं नाही. भाडेकरूला कोण कळवतो? कैलासने राख सावडून आणली, गोठ्याचं दार ढकललं, आणि गाडगं लवंडू नये म्हणून फळीवर नीट ठेवलं. डब्यांच्या शेजारी. यात त्याचं काही चुकलं, असं अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

कैलास आणि चांगुणाबाई गोठ्यात आले तेव्हा शैलेश एका भल्यामोठ्या करड्या चित्रापुढे मांडी घालून बसला होता. चेहऱ्यावर समाधान होतं. त्याच्या तोंडावर ते कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"दादा, हितलं गाडगं कुणी रिकामं केलं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"ते फडकं बांधलेलं? मीच. मावशी, कुणाच्या चुलीतली हो ती राख? अशी राख मी आजवर बघितली नाही. इतका मऊ करडा! मध्ये पांढरे खडे होते, ते खलात कुटले, तर त्यातून असा पांढरा निघाला..."

कैलास जमिनीवर बसला.

"दादा," चांगुणाबाई म्हणाल्या, "आमचं मालक व्हतं ते."

"मालक कुठेयत? भेटले नाहीत बऱ्याच दिवसांत."

"भेटलं की. लई जवळनं भेटलं."

शैलेशला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो आधी उभा राहिला, मग त्याने हातातला कुंचला लांब धरला, मग त्याला आठवलं की कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवायची आपल्याला सवय आहे. तो बाहेर पळाला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा चित्राच्याच रंगाचा झाला होता.

चांगुणाबाई चित्रासमोर उभ्या होत्या. बराच वेळ बघत होत्या.

"ह्यात आप्पा कुटं?"

"सगळीकडे, मावशी," शैलेश खरं तेच बोलला.

"डोकं कंच्या अंगाला?"

आजवर शैलेशला हा प्रश्न पुष्कळांनी विचारला होता आणि त्याचा दर वेळी अपमान झाला होता. या वेळी त्याने नीट विचार केला आणि डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. चांगुणाबाईंनी त्या कोपऱ्यापुढे हात जोडले.

दुपारी सुनील मारुंजीहून आला तो बाह्या सरसावतच. "आप्पांचा रंग केला? अरे, माणूस हायेस का कोण? खरवड! आत्ताच्या आत्ता खरवड सगळं!" त्याने कोपऱ्यातलं खुरपं उचललं. शैलेश चित्राच्या आडवा उभा राहिला.

"ठेव ते खाली," चांगुणाबाई म्हणाल्या. "खरवडायला तुजा बाप भाताची खरवड हाय व्हय?"

भावकीतले जनार्दननाना असल्या बाबतीत गावात शेवटचा शब्द सांगायचे. त्यांनी चित्राभोवती एक फेरी मारली, मागून बघितलं, वास घेतला. "डिंकात कालवली म्हून राख काय दुसरी झाली न्हाई," ते म्हणाले. "पर आता येगळी निघायची न्हाई. आक्खंच पाण्यात सोडायचं."

"आख्खं?" शैलेश म्हणाला. "नाना, पुढच्या आठवड्यात पुण्यात प्रदर्शन आहे माझं. बाकी नऊ चित्रं आहेत, ती घ्या. सगळी घ्या. हे एकच मला जमलंय हो. इतक्या वर्षांत हे एकच."

त्याचा आवाज फाटला होता. नाटक नव्हतं ते. सुनीलनेसुद्धा खुरपं खाली ठेवलं.

"आमचं मालक बी येकच व्हतं, दादा," चांगुणाबाई म्हणाल्या.

शैलेश चित्रापुढून बाजूला झाला. आळंदीचा विषयही तिथेच मिटला, कारण एवढं धूड आळंदीच्या गर्दीत घेऊन जायला सुनीलही तयार होईना.

दहाव्याच्या दिवशी सकाळी आप्पा चौघांच्या खांद्यावरून नदीकडे निघाले. खरं तर एकदा निघून झाले होते, पण ते बोलायचं कुणी? डोकं डाव्या अंगाला, अशी शैलेश वाटेत दोनदा आठवण करून देत होता. रस्त्यावर एका दुचाकीवाल्याने थांबून विचारलं, "कुणाचा फ्लेक्स हाय ओ? छापायचा ऱ्हायलाय काय?" चौघे तसेच पुढे गेले. त्याने आपणहून हेल्मेट काढलं.

पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे जरा चकितच झाले. आप्पा जिवंतपणी इतक्या लवकर कशाला राजी झाले नव्हते. मग चित्र पाण्यात न्यायचं ठरलं. चौकट कुठे धरायची, ते शैलेशलाच ठाऊक, म्हणून तो छातीइतक्या पाण्यात पुढे गेला. मुंडन केलेले दोघे भाऊ मागे गुडघाभर पाण्यात थांबले. बायका काठावर होत्या.

"सोडा!" नाना म्हणाले.

चित्र पाण्यावर आडवं झालं, जरा हाललं आणि थांबलं. शेजारून पानं वाहून जात होती, काड्या जात होत्या, पिंडाजवळची फुलं जात होती. आप्पा जागचे हलेनात.

"काय तरी विच्छा ऱ्हायलीय," नाना गंभीरपणे म्हणाले. "कावळ्याला फसवलं त्यांनी. आता बोला, पोरांनो. मनात ठेवू नका."

कैलास पुढे झाला. "आप्पा, उद्यापास्नं दारू बंद."

"उद्यापास्नं?" काठावरून कुणीतरी म्हणालं.

"आजपास्नं! कायमची! तुमची आन!"

चित्र हललं नाही. कैलास आणखी एक पाऊल पुढे सरकला. "आन खाचर म्या कसतो. पडीक न्हाई ठेवत. ह्या साली भात लावतो, आप्पा."

चित्र वीतभर पुढे गेलं. काठावरून हुंकार उठला. चित्र तेवढंच मागे आलं.

"ऐकत्यात!" नाना ओरडले. "ऐकत्यात, पर पुरं झालं न्हाई!"

सगळ्यांची नजर सुनीलकडे वळली. सुनीलने हात जोडले. "आप्पा, आळंदीला जाऊन येतो. अन्नदान करतो." चित्र ढिम्म. "तुमच्या नावानं शाळेला पंखं देतो." काही नाही. पाणी गार होतं. सुनीलच्या भादरलेल्या डोक्यावर काटा आला होता. चित्राच्या पलीकडे शैलेश मान खाली घालून उभा होता, त्याचे ओठ निळे पडले होते. त्याची कुणाला आठवणही नव्हती.

"अहो, बोला ना एकदाचं!" काठावरून सुनीलची बायको वृषाली म्हणाली. "त्यांना काय पायजे ते सगळ्यांना म्हाईत हाय. मलाबी म्हाईत हाय."

सुनीलने तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. आई नदीकडे बघत होती.

"खाचर इकत न्हाई, आप्पा," तो म्हणाला. "आये हाय तवर त्याचं नाव काढनार न्हाई."

"आन आयेचं काय?" नानांनी विचारलं.

"आये हितंच ऱ्हाईल. तिच्या घरात. तिला वाटंल तवा मारुंजीला येईल, वाटंल तवा परत यील. म्या न्यायचं बोलनार न्हाई." बोलता बोलता सुनील रडायला लागला. मोठा गडी, पण लहान पोरासारखा रडला. कैलासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या दोघांना इतकं जवळ उभं राहिलेलं बघून गावाला पुष्कळ दिवस झाले होते.

आणि तरीही चित्र हललं नाही.

"आता काय ऱ्हायलं ओ आप्पा?" सुनील काकुळतीला आला. "सगळं तर दिलं!"

तेव्हा चांगुणाबाईंनी पदर खोचला आणि त्या पाण्यात उतरल्या. पोरांनी धरायला हात पुढे केले, ते त्यांनी बाजूला सारले. त्या थेट चित्राच्या पलीकडच्या कोपऱ्यापाशी, शैलेशजवळ गेल्या. तिथून काठावर काही ऐकू जात नव्हतं.

"दादा," त्या हळू म्हणाल्या, "पाण्याखाली हात हाय तुमचा."

शैलेशचे डोळे भरून आले. त्याने चौकटीची खालची पट्टी घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. "मावशी, मला सुटत नाही हो," तो म्हणाला. "खरंच सांगतो. मघापासून सोडतोय, पण सुटत नाही."

"बगतीया मी."

"केव्हापासून?"

"पैल्यापास्नं."

"मग बोलला का नाहीत?"

चांगुणाबाईंनी मागे वळून पोरांकडे बघितलं. दोघे एकमेकांना धरून उभे होते.

"त्यांचं बोलून व्हायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "आता झालं. आता सोडा, दादा. चांगलं काडलंय तुमी. मला दिसलं त्यात."

"काय दिसलं?"

"ते काय सांगायचं असतंय व्हय?"

शैलेशने एकेक बोट उचललं. शेवटी हात पाण्याबाहेर काढला आणि डोळे मिटून उभा राहिला. राखेचा मऊ पट्टा कडेने सुटून पाण्यात उतरू लागला होता. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. चित्र तिथेच होतं.

त्याने खाली बघितलं. चौकटीच्या पट्टीवर, त्याचा हात होता तिथेच, हिरव्या बांगड्या काढलेला एक सुरकुतलेला हात होता.

"मावशी," तो म्हणाला, "आता तुम्ही धरलंय."

"व्हय," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, पण हात काढला नाही. "जरा ऱ्हाऊ द्या."

काठावरून जनार्दननाना हातवारे करत ओरडले, "सुनील, अजून कायतरी ऱ्हायलंय बघ! नीट आठव!"

सुनीलने नाक पुसलं, पुन्हा हात जोडले आणि तो आठवायला लागला.