एकशे बावीस चेहऱ्यांचं तेजवाटप

माणसाच्या चेहऱ्यावरचं तेज तपश्चर्येने येतं, असा जुन्या लोकांचा समज होता. लालबागच्या चाळ क्रमांक नऊ मित्रमंडळाने ते काम उन्मेष परबकडे सोपवलं आहे.

उन्मेष मंडळाचे फलक बनवतो. फलकावर माणसं पदाप्रमाणे लहानमोठी छापण्याची आपली थोर परंपरा आहे. अध्यक्ष परातीएवढे, सल्लागार वाटीएवढे, नुसते शुभेच्छुक बटणाएवढे. यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून भाड्याने एलईडी पडदा आला, आणि एकशे बावीस जणांची रेषाचित्रं एकाच आकारात दाखवायचं ठरलं (हा ठराव झाला तेव्हा अध्यक्ष गावी होते).

रेषाचित्र व्हेक्टरमध्ये काढतात. कितीही ताणा, फाटत नाही. त्या बाबतीत ते कार्यकर्त्यासारखंच. पण पडद्याला ठिपक्यांचं चित्र लागतं, आणि झगमगाट हवा तर एचडीआर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त उजेडाचं. इथे उन्मेष अडला. रेषेत उजेड मुळात नसतोच. कोणाला किती द्यायचा, ते आकड्यात लिहावं लागतं.

"मग सोपं आहे," गावाहून परतलेले अध्यक्ष हितेंद्र म्हणाले. "साइज सेम ना? ब्राइटनेस पोस्टप्रमाणे दे."

त्यानुसार तेजसूची मंजूर झाली. अध्यक्ष हजार निट (उजेड यात मोजतात), उपाध्यक्ष आठशे, माजी अध्यक्ष सहाशे, रुसल्यास साडेसहाशे. मग जो तो रुसत गेला आणि चौथ्या दिवशी एकजण सोडून सगळेच हजारावर पोचले. तरी एकशे एकवीस जण नाराज होतेच. त्यात अध्यक्षही होते, कारण आता ते उठून दिसणार नव्हते. उजेड दिसायला शेजारी अंधार लागतो, असं उन्मेषने सांगून पाहिलं. अंधारासाठी इच्छुकांची नावं मागवली. एकही आलं नाही.

कुरकुर न करणारा एकच माणूस उरला होता, संस्थापक सदस्य गुणाजी परब. पहिल्या वर्षीच्या मंडपाचे बांबू त्यांनी गिरणीतली पाळी संपवून खांद्यावर वाहून आणले होते. पन्नास वर्षांत त्यांचा चेहरा फलकावर बटणाएवढाही आला नव्हता. ते उन्मेषचे वडील. उन्मेषने त्यांच्या नावापुढे चाळीस लिहिलं. लिहिताना त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली, पण तेजसूचीत लाजेचा रकाना नव्हता.

उद्घाटनाला पडदा पेटला. एकशे एकवीस चेहरे असे उजळले की नाक, डोळे, मिशा सगळं पांढऱ्यात बुडालं. अध्यक्ष कुठले, हे त्यांच्या सौभाग्यवतींनाही सांगता येईना. मधोमध एकच चेहरा सुरकुत्यांसकट स्वच्छ दिसत होता. गुणाजी बराच वेळ बघत उभे राहिले.

"माजां तोंड बरां काढलंस रे झिला," ते म्हणाले. "बाकीचे खंय गेले?"

बापाने पाठीवरून हात फिरवला, तेव्हा उन्मेषला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवसापासून मंडळाकडे अंधारासाठी अर्ज येऊ लागले. उपाध्यक्षांना तीस निट हवेत, आणि अध्यक्षांनी साधेपणाची आवड म्हणून दहाची शिफारस स्वतःच केली आहे. आता नावं बाहेरूनही येतात. दादर, ठाकूरद्वार, वरळी, कुठूनही. वाचकहो, तुम्ही अर्थात त्यातले नाही. तुम्हाला पुढे पुढे करायला मुळीच आवडत नाही. तुमच्या अर्जातही तसंच लिहिलं आहे, तिन्ही प्रतींत, फोटोसह.