रेषेवर पाय नको

बंगळुरूत येलहंक्यातल्या आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन हॉलची लाकडी जमीन दुरुस्त करावी, असा ठराव मीच मांडला. निवृत्त गणित शिक्षकाला सोसायटीत दोन कामं मिळतात: मुलांना शिकवणं आणि समितीवर बसणं. त्यातलं एक तरी मला येतं, असा तेव्हा माझा समज होता.

ठरावामागचं कारण वेदिका. माझ्या विद्यार्थ्यांत सर्वांत चपळ पोर. गेल्या वर्षी हेब्बाळच्या सोसायटीत जाऊन ती अंतिम सामना हरून आली होती. यंदा सामना आमच्या हॉलमध्ये. "आजोबा, घरच्या कोर्टवर मी हरणार नाही," असं तिने मला बजावलं होतं. तेवढ्यात सरावात ती पडली आणि गुडघ्यात फळीची कपची घुसली.

समितीने नागराजला काम दिलं. नागराज आमच्या निपाणीकडचाच. त्याने मशीनने जमीन घासली, धूळ पुसली, चकचकीत सीलरचे हात मारले, टेप लावून पांढऱ्याशुभ्र रेषा आखल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"सर, स्वल्प वाळू द्या. मग पोरांना बिनधास्त खेळू द्या."

'बिनधास्त' हा शब्द समितीला खटकला.

आमच्या सेक्रेटरी महानंदाअक्का दारातूनच आत डोकावल्या. "गुरुजी, तोंड दिसतंय हो यात! आणि यावर पोरं नाचणार?"

वाळण्याची मुदत सर्वानुमते वाढवण्यात आली. जमीन केव्हाच वाळली होती. समिती अजून तयार नव्हती.

पुढे जे झालं ते तर्काला धरूनच झालं, हे मी गणिताचा माणूस म्हणून सांगतो. बुटांनी ओरखडे उठतात, म्हणून अनवाणी खेळावं. अनवाणी पायांना घाम येतो, म्हणून मोजे घालावेत. मोज्यांवर एक मूल घसरलं, म्हणून धावू नये. उडी मारण्याविषयी मतभेद होते. उडी मारणारा शेवटी कुठेतरी खाली येतोच, हे मी फळ्यावर आकृती काढून दाखवलं आणि उडीही बंद झाली.

राहिल्या रेषा. त्या सर्वांत नाजूक, तेव्हा त्यांवर पाय पडू नये, अशी सूचना मी केली.

"मग पोरं पलीकडे जाणार कशी?" महानंदाअक्कांनी विचारलं.

"रेषा ओलांडाव्यात. तुडवू नयेत."

टाळ्या पडल्या. त्या अजून माझ्या कानांत आहेत, हे माझं दुर्दैव.

सराव सुरू झाला. मुलं मोजे घालून रांगेने आत येत आणि वाटेत कुणी झोपलं असावं तशी एकेक रेषा ओलांडत. आयुष्यभर मी वर्गावर ओरडलो. माझं शिकवणं इतकं मनावर कुणी घेतलं नव्हतं. एकदा उरलेला रंग न्यायला आलेला नागराज दारात थबकला आणि हळूच चपला काढून म्हणाला, "सर, आत पूजा हाय काय?"

सामन्याच्या दिवशी हेब्बाळची मुलं आली, ती बुटांसकट थेट कोर्टवर. मी महानंदाअक्कांकडे पाहिलं.

"पाहुणे आहेत ते," त्या कुजबुजल्या. "त्यांना कसं सांगणार?"

"छे छे, बरं दिसत नाही," मी म्हणालो.

वेदिकासमोर अद्वैत नावाचा मुलगा होता. तो धावला, उडाला, घसरला, पुन्हा उडाला. वेदिका मोज्यांवर भरभर चालत होती. अद्वैतने शटलकॉकचं फूल मागच्या रेषेकडे उडवलं, की ती वेळेवर पोहोचायची, रेषेपाशी पायाची बोटं आखडून उभी राहायची आणि मागे वाकून रॅकेट लांबवायची. हात पुरायचा नाही. फूल रेषेवर पडायचं, गुण अद्वैतला.

"अगं, जा की मागे!" मी न राहवून ओरडलो.

"रेषा आहे, आजोबा! पाय पडेल!" ती तिथूनच म्हणाली.

ती हरली. अद्वैतच्या बुटांचे काळे पट्टे जमिनीवर उमटले होते. "असू दे, असू दे, बाळ," म्हणत आम्ही त्याला सरबत दिलं. महानंदाअक्कांनी चष्मा लावून रेषा तपासल्या. "बघा गुरुजी, आपल्या पोरीचा एक ठसा नाही! याला म्हणतात शिकवण!" समितीने माझ्या अभिनंदनाचा ठराव केला.

वेदिका बाहेर पायरीवर बूट घालत बसली होती. मी शेजारी बसलो.

"आजोबा, पुढच्या वर्षी मी हेब्बाळकडून खेळू?"

"का गं?"

"म्हणजे इथे खेळायला येईन तेव्हा मी पाहुणी असेन."

मी उठलो. घरी आलो. आमच्या हिने रोजच्या, कान तुटलेल्या कपात चहा आणला. काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे कप ओळीने उभे होते. आज त्यातून दे, म्हटलं.

"का? कोण येणार आहे?" ती म्हणाली.

हसू नका. तुमच्याकडचे ते कप कोणत्या फळीवर आहेत, हे मला न येताही सांगता येईल. आणि आलो, तर तुम्ही मला चहा त्यातूनच द्याल.